गाईचा घास

आबा, मला पण साखर निघाली. तुमची तीच, बापाची लेकाला. सत्तावीस वर्षांचा आहे मी, पोट सुटलेलं नाही, तंबाखू नाही, दारू नाही, आणि तरी निघाली. हे तुम्हाला आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे, आणि पुढचं सांगताना मी गडबडलो तर निदान एवढं तरी तुमच्यापर्यंत पोचलेलं असू दे. लिहायची सवय नाही मला, तुम्हाला ठाऊकच आहे. नववीला नापास झालो त्यानंतर पेन धरलं ते सह्या करायलाच. ही वही पण लिहायची नाही, खाण्याची आहे. पुढच्या पानांवर 'दोन अंडी, एक काकडी, एक चपाती, पाव वाटी डाळ' असं लिहिलंय आणि प्रत्येकापुढं आकडा. मागची पानं कोरी होती, म्हणून मागून सुरू केलंय.

तुम्ही गेल्यावर मी एका जागी टिकलो नाही. दोन वर्षं चाकणला, मग सुरतेला, मग ट्रेलरवर क्लीनर, मग ड्रायव्हर. कुठंही बूड टेकलं की सहा महिन्यांत पायाला खाज सुटायची. आई म्हणायची, "तुज्या पायाला भिंगरी बांधूनच जल्माला घातलाय तुला." आता तीन वर्षं झाली कच्छात बंदरावर आहे. क्रेन चालवतो. आपल्या गोठ्याएवढाले लोखंडी डबे उचलायचे आणि ट्रेलरवर ठेवायचे. लांबलचक शिडी चढून वर काचेच्या केबिनमध्ये बसायचं, पायाखाली पण काच. प्रत्येक डब्याच्या दारावर वजन लिहिलेलं असतं, रिकामा किती आणि भरला तर किती. पण क्रेनला स्वतःचा पण काटा आहे. दारावरचं एक आणि काट्यावरचं दुसरं निघालं की केबिनमध्ये लाल दिवा लागतो. मला हे काम आवडतं आबा. चुकलं तर लगेच कळतं. अकरा वर्षांनी कळत नाही.

कंपनी दरवर्षी रक्त तपासते. यंदा डॉक्टरनं कागद माझ्यापुढं सरकवला आणि एका आकड्याभोवती पेनानं गोल केला. मी म्हणालो, दुसऱ्या कुणाचा असेल. त्यानं पुन्हा रक्त काढलं, पुन्हा तोच गोल. म्हणाला, तीन महिने देतो, आटोक्यात आलं नाही तर क्रेनवरून खाली, मग पोती मोजायच्या कामाला. गोळी लिहून दिली, सकाळी न्याहारीच्या आधी घ्यायची. आणि दिवसाला सोळाशे कॅलरी. मी विचारलं, ती कुठं मिळते? डॉक्टर हसला. मला हसू आलं नाही. मला तुमचा पाय दिसत होता, त्या काळ्या पडलेल्या अंगठ्याला हळद लावून तुम्ही ओट्यावर बसलेले.

माझा खोलीतला जोडीदार बिहारचा आहे, खाली उभा राहून मला झेंडी दाखवतो तो. त्यानं माझ्या मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिलं. जे खाल ते त्यात टाकायचं, ते आकडा सांगतं. भात टाकला, आकडा आला. केळं टाकलं, आकडा आला. भाकरी टाकली तर एका गोऱ्या तळहातावर पापडासारखं काहीतरी दाखवलं. माडगं त्याला माहीतच नाही, हुलगा नाही, शेंगदाण्याचं कूट पण नाही. तरी मला ते लई आवडलं आबा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला नेमकं सांगत होतं, इथपर्यंत बरोबर आणि इथून पुढं चूक. मी छोटा काटा मागवला. चपाती काट्यावर, कांदा काट्यावर. सोळाशेचे चौदाशे केले, चौदाशेचे बाराशे. आईचा फोन आला की ती विचारायची, "जेवलास का रं?" मी म्हणायचो, "नऊशे झालं आई, तीनशे राह्यलं." ती हळूच म्हणायची, "आरं, मी जेवनाचं इचारत्येय."

दवाखान्यातल्या सिस्टरनं एकदा माझी वही बघितली. वयानं मोठी बाई आहे, चष्मा नाकावर. तिनं दोन पानं उलटली आणि मिटली. म्हणाली, इतकं मोजू नकोस, वेळेवर जेव, ताटात भाजी जास्त घे, पोटाकडं लक्ष दे, आणि गोळी घेतली की उपाशी राहू नकोस. मी हो म्हणालो आणि बाहेर येऊन मनात म्हणालो, हिला काय कळतंय. वेळेवर जेव हे काय सांगणं आहे? त्याला आकडा कुठं आहे?

आणि तेव्हा मला तुमची गाय आठवायला पाहिजे होती. आठवली नाही.

मी आठवीत होतो. डेअरीवाल्यांनी छापील तक्ता वाटला होता, गाय इतकं दूध देत असेल तर इतके किलो भरडा आणि इतकी पेंड. तुम्ही बारामतीच्या बाजाराला गेला होता. आपली ती पांढऱ्या कपाळाची जर्सी आठ दिवसांपूर्वी व्यायलेली. मी तक्ता घेऊन बसलो, तिच्या दुधाचं गणित केलं, दिवसभराचं माप काढलं आणि एकदमच तिच्यापुढं ओतलं. वाटलं, आबा आल्यावर शाबासकी देणार. तुम्ही आलात तेव्हा तिची डावी कूस ढोलासारखी टम्म झाली होती. तुम्ही पिशवी पण खाली ठेवली नाही, तशीच दारात टाकली. टोमॅटो गोठ्यात घरंगळले. तिला गोडं तेल पाजलंत, कासरा धरून वाड्याच्या कडेनं फिरवत राहिलात, डाव्या कुशीवर टिचकी मारायची, कान लावायचा, पुन्हा फिरवायचं. दिवस मावळायच्या आत तिनं ढेकर दिला. मग म्हणालात,

"काय घातलंस रं तिला?"

"तक्त्यात हाय तेवडंच, आबा. किलूला किलू बरुबर."

"म्हंजी तू गाईला कागुद चारलास."

मी रडायला लागलो. तुम्ही माझा हात धरून तिच्या पाठीमागच्या बरगडीच्या मागं ठेवलात, डाव्या बाजूला, जिथं खळगा पडतो तिथं. "हितं हात ठिव. खळगा खोल हाय म्हंजी भुकी हाय. भरला म्हंजी बास. श्यान बग, रवंथ बग, डोळं बग. आन येळ बग. गाईला आदी येळ लागती, माप मागनं. कागुद वाईट न्हाय रं. पर कागुद वाचून झाल्यावर मान वर करून गाईकडं बगावं लागतं."

दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. सकाळची पाळी. आदल्या दिवशी कुणाच्या तरी वाढदिवसाचा पेढा खाल्ला होता, त्याचे आकडे फेडायचे म्हणून न्याहारीला नुसती काकडी आणि चहा बिनसाखरेचा. गोळी घेतली. अकराच्या सुमाराला एक डबा उचलला, भरलेला, आणि अंगातून पाणी सुटलं. घाम नाही आबा, पाणी. केबिनमध्ये थंड हवा चालू असते आणि माझा शर्ट पाठीला चिकटला. हात थरथरायला लागले. पायाखालच्या काचेतून बघितलं तर खाली दोन ट्रेलर, दोन जोडीदार, दोन झेंड्या. वॉकीवर मी त्याला काहीतरी बोललो. तो नंतर म्हणाला, तू तोंडात दगड धरून बोलतोयस असं वाटलं. डबा कसा खाली टेकवला मला आठवत नाही. तिरका टेकला, पण कुणाला लागलं नाही. तो शिडी चढून वर आला, माझ्याकडं एकदा बघितलं, आणि खिशातली चहाच्या साखरेची पुडी फोडून सरळ माझ्या तोंडात ओतली. मग दुसरी. मी त्याचा हात ढकलत होतो. मला शुगर आहे, शुगर आहे, असं ओरडत होतो म्हणे. त्यानं माझं तोंड दाबून धरलं. त्याचा बाप शुगरचा आहे, त्याला माहीत होतं. दहा मिनिटांत मी ताळ्यावर आलो. एक ट्रेलर. एक जोडीदार.

खाली नेल्यावर सिस्टरनं बोटाला सुई टोचली आणि डॉक्टरला आकडा सांगितला. डॉक्टर म्हणाला, "शुगर गिर गयी थी."

मी म्हणालो, "गिरती भी है?"

आबा, मला माहीतच नव्हतं. आपल्या गावात साखर वाढते. कुणाची वाढली, कुणाची लई वाढली, कुणाचा पाय काढला. 'उतरली' म्हटलं की लोक पेढे वाटतील. ती उतरून माणूस पडतो, हे मला सत्ताविसाव्या वर्षी, तेही दुसऱ्या मुलखात, हिंदीत कळलं. डॉक्टर सांगत होता की गोळी घेऊन जेवलं नाही की असं होतं, घाम येतो, हात कापतात, जीभ जड होते, अशा वेळी लगेच गोड द्यायचं, उशीर केला तर माणूस परत येत नाही. तो मला सांगत होता आणि मी तिथं नव्हतोच. मी काटेवाडीला आपल्या ओट्यावर होतो.

ओट्यावरची ती सकाळ सांगायच्या आधी इंदापूरला जावं लागेल, मावशीच्या पोरीच्या लग्नाला. हायवेच्या कडेचं कार्यालय, एकेक ट्रक हॉर्न वाजवत जायचा आणि मंगलाष्टकातली ओळ त्याच्याखाली गाडली जायची. त्याच्या महिनाभर आधी बारामतीच्या डॉक्टरनं तुम्हाला गोळी सुरू केलेली आणि गोड बंद केलेलं. पंगतीत मी तुमच्या समोरच्या ओळीत. वाढपी जिलबी घेऊन आला, तुम्ही पत्रावळीवर हात आडवा धरला. शेजारचा पाहुणा म्हणाला, "घ्या ओ आबा, एका जिलबीनं काय हुतंय? उसाच्या गावचं तुमी, तुमाला कशाची आलीया साखर!" सगळे हसले. तुम्ही पण हसलात आणि हात बाजूला घेतलात. एक झाली, मग दुसरी. तिसरी उचललीत तेव्हा मी उभा राहून ओरडलो, "आबा, मरायचंय का तुमाला?"

तुम्ही जिलबी खाली ठेवलीत, पाणी प्यालात. येताना एसटीत खिडकीशी बसून राहिलात. लासुर्णे मागं पडल्यावर एवढंच म्हणालात, "पंगतीत न्हवतं म्हनायचं, पोरा." मला तेव्हा सोळावं लागलेलं. मला वाटलं, मी खरं बोललो आणि याला खरं सोसत नाही.

घरी आल्या आल्या मी गुळाचा डबा स्वयंपाकघरातून काढला आणि गोठ्यातल्या पेंडीच्या पिंपात, पेंडीच्या खाली पुरला. आईला सांगितलं, आबांनी मागितला तर न्हाय म्हन. त्या दिवसापासून मी तुमच्यावर नजर ठेवून होतो. खिसे तपासायचो. आणि तुम्ही मला चोर वाटायला लागला होता.

महिन्यानं ती सकाळ. आई डेअरीवर गेलेली. तुम्ही ओट्यावर बसला होता, सदरा पाठीला चिकटलेला. मी म्हणालो, आत्ताशिक धा वाजल्यात, एवढा घाम कशाचा? तुम्ही माझ्याकडं बघितलंत पण मी तुम्हाला दिसलो की नाही देव जाणे. जीभ जड झालेली.

"गूळ दे रं जरा. एक खडा."

"कशाला?"

"दे म्हंतो तर."

"चोरून खाताय म्हनून तर ही गत झालीया तुमची. मिळायचा न्हाय."

तुमचे हात मांडीवर थडथडत होते. मला वाटलं, रागानं. तुम्ही म्हणालात, "बरं." एवढंच. मग भिंत धरून उठलात आणि गोठ्याकडं गेलात. मी गाडीला किक मारून फाट्यावर निघून गेलो. आई डेअरीवरनं आली तेव्हा तुम्ही पिंपापाशी पडला होतात. झाकण उघडं होतं. सगळ्यांनी म्हटलं, गाईला पेंड काढायला गेलं आन घेरी आली. चुलत्यांनी जीपमध्ये घालून बारामतीला नेलं. तुम्ही डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी घरी आणलं ते तसंच. चुलते दारात उभं राहून येईल त्याला सांगत होते, "साखरेनं गेला." मीही तेच सांगत राहिलो, चाकणला, सुरतेला, इथं. माझा बाप गोड खाऊन मेला. जिभेवर ताबा नव्हता. अकरा वर्षं मी तुमच्यावर चिडून होतो. हा वहीतला हिशोब, हा काटा, हे बाराशे, सगळं तुमच्यासारखं मरायचं नाही म्हणून.

डॉक्टरनं गोळी निम्मी केली आणि पंधरा दिवस सुट्टी दिली. मी घरी आलो. आईनं चुलीवर भाकऱ्या टाकल्या, बाजरीच्या. ताटात पहिली भाकरी पडली आणि मी सवयीनं पिशवीतला काटा काढून ती त्याच्यावर ठेवली. तुम्हाला सांगतो, एका भाकरीत मोबाईलमधल्या पाच भाकऱ्या बसत होत्या. आई काथवटीवरचा हात तसाच धरून बघत राहिली.

"सोनाराकडनं आनलास व्हय रं हे?"

"भाकरी किती ग्रामची ते बगतोय."

"जेवनाऱ्याच्या म्होरं भाकरी मोजू न्हाय. आंगाला लागत न्हाय ती. ठिव तिकडं."

काटा ठेवला. तिनं दुसरी भाकरी वाढली. ती मला नको होती, पण नको म्हटलं की ती उपाशी झोपल्यासारखं तोंड करते. म्हणून अर्धी हातात घेतली आणि म्हणालो, जरा गाईला घास देऊन येतो. आता एकच गाय आहे, त्या पांढऱ्या कपाळाचीच नात. मी परत आलो तर आई पदरानं डोळे पुसत होती आणि हसत पण होती.

"तू बी आबागत गाईचा घास न्हिऊ लागलास."

"आबा कधी न्हेत हुते?"

"श्येवटच्या म्हयन्यात. पयलं घासभर काडायचं, समदीच काडत्यात. मग चतकोर. मग अर्दी. श्येवटी श्येवटी तर ताटातली आख्खी भाकरी उचलून गोठ्यात. म्या इचारलं, आवो, जेवनात चव न्हाय का? तर म्हनायचं, गाभन हाय, तिला लागती. गाय पन अशी सोकावली, जेवायच्या टायमाला हंबरायची. म्या म्हनलं, बरं हाय, उतारवयात देव आटवला." ती चुलीत काटकी सारत होती. "त्या सकाळी बी दोन्ही भाकरी तिलाच घातल्या. म्या डेअरीला निगताना बगितल्या दावनीत."

मी हातातली भाकरी ताटात परत ठेवली.

पंगतीत ओरडलो त्या दिवसापासूनचा महिना होता तो. तुम्ही घरात सांगितलं नाहीत की मी कमी खातोय. सांगितलं असतं तर आईनं डोळ्यात पाणी आणलं असतं, चुलतीनं नजर काढली असती, शेजारचे म्हणाले असते, आजार बळावला. म्हणून तुम्ही गाईच्या नावावर जेवण सोडलंत. माझ्या एका ओरडण्यावर तुम्ही भाकरी सोडलीत आणि मला ते दाखवलं पण नाहीत. आणि गोळी मात्र वेळेवर घेत राहिलात.

मी आईला म्हणालो, बारामतीच्या दवाखान्याचे कागद आहेत का? तिनं पेटीतून सातबाऱ्याच्या पिशवीतला एक कागद काढला, घडीवर फाटलेला. सगळा इंग्रजीत. तेव्हा आमच्यात कुणाला तो वाचता आला नव्हता, डॉक्टर तोंडी 'शुगरमुळं झालं' एवढंच बोलला होता, आणि आजही मला त्यातलं बाकीचं येत नाही. पण तीन अक्षरं माझ्या ओळखीची झालीत. आर, बी, एस. माझ्या प्रत्येक रिपोर्टवर ती असतात आणि त्यांच्यापुढं साखरेचा आकडा असतो. तुमच्या कागदावर त्यांच्यापुढं एकतीस लिहिलेलं होतं.

मी पुन्हा वाचलं. वाटलं, पुढचं शून्य पुसलं गेलं असेल, तीनशे दहा असेल. दारात जाऊन कागद उन्हाला धरला. शाई कुठं पुसलेली नव्हती. एकतीस. मी क्रेनमधून खाली आलो तेव्हा दोन पुड्या साखर खाऊनही माझी पन्नास होती, आणि वर असताना मला खाली दोन जगं दिसत होती. तुम्ही एकतीस घेऊन बारामतीपर्यंत गेलात. अकरा वर्षं हा आकडा आमच्या पेटीत, जमिनीच्या कागदात, घडी घालून पडला होता, आणि मी गावोगाव सांगत फिरत होतो की माझा बाप गोड खाऊन मेला. लाल दिवा लागला होता आबा. बघणारं कुणी नव्हतं.

"काय लिवलंय रं?" आईनं विचारलं.

"काय न्हाय. जुनंच हाय."

ती म्हणाली, "तुज्या आबाला एवडं देवाचं न्हवतं कदी. जाताना मातुर गाईला घालून गेलं. पुन्य लागलं त्यास्नी." मी मान हलवली. तिच्याजवळ तुमची तेवढी एकच चांगली गोष्ट उरलीय. ती कशी काढून घेऊ?

संध्याकाळच्या धारेला मी गोठ्यात गेलो. गाईच्या डाव्या कुशीवर हात ठेवला, तुम्ही ठेवायला लावला होता तिथंच. खळगा भरलेला होता. मग तोच हात मी माझ्या पोटावर ठेवला आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. भूक लागलीय की भरलंय, मला सांगता येईना. सहा आठवडे मी फक्त कागदाकडं बघत होतो. आणि तुम्ही, जे दहा गावच्या गाईंची कूस बघून भूक ओळखायचात, तुम्ही पण स्वतःवर हात ठेवला नाहीत. बाप-लेकांनी दोघांनी एकच चूक केली, तुम्ही न मोजता आणि मी मोजून.

आता कच्छात परत आलोय. परवा तीन महिने भरतात, रक्त काढतील. काय आकडा येईल माहीत नाही. ॲप मोबाईलमध्ये आहे अजून, काढलं नाही. कारण आकड्यानंच मला तुमचा कागद वाचायला शिकवलं, त्याला शिव्या कुठल्या तोंडानं देऊ? पण काटा आईकडं ठेवून आलोय, ती त्याच्या ताटलीत मोड आलेली मटकी ठेवते म्हणे. आता गोळी घेतली की वीस मिनिटांत ताटावर बसतो, भूक असो नसो. एक चपाती, भाजी दुप्पट, आणि जोडीदाराच्या समोर. सकाळी बोटाला सुई टोचतो आणि आकडा त्याला मोठ्यानं सांगतो. तो म्हणतो, "अरे यार, सुबह सुबह लॉटरी का नंबर मत सुनाओ." मी तरी सांगतो. चोरून मोजायचं नाही आणि चोरून सोडायचं पण नाही, एवढंच ठरवलंय. बाकी सिस्टर म्हणते ते बरोबर की डॉक्टर म्हणतो ते, मला अजून नक्की कळलेलं नाही.

केबिनमध्ये एक छोटी डबी ठेवलीय, गुळाची. आईनंच भरून दिली, कशाला पाहिजे ते न विचारता. डबी उघडली की आपल्या गुऱ्हाळाच्या वाटेचा वास येतो आणि मी लगेच झाकण लावतो.

हे कुठं टाकायचं, आबा? तुमचा पत्ता नाही. राहील वहीतच, मागच्या पानांवर. पुढून बाराशे, मागून तुम्ही.

अजून एक राहिलंय. तुम्ही ओट्यावर गूळ मागितला तेव्हा मी गोठ्यातूनच येत होतो. डबा जागेवर आहे का ते बघायला गेलो होतो आणि एक खडा तोंडात टाकला होता. "मिळायचा न्हाय" म्हणालो तेव्हा तो माझ्या गालात होता. फाट्यावर पोचेपर्यंत पुरला.